निळ्या फुलांचा तपास

हसणार नसाल तर सांगतो. अख्ख्या लोहाऱ्यात एवढी फजिती कुणाची झाली नसंल!

माझा भाचा फौजेत, काश्मिरात. सुट्टीवर येताना त्यानं लसणाच्या गड्ड्यासारखे कंद आणले. "मामा, थंडी सरता सरता निळी फुलं येतात." आता आपल्याकडं तेवढी थंडी कुठली? महिनाभर फ्रिजात ठेवले, मग कुंड्यांत लावले. आणि काय सांगू, माघात आले की हो तुरे! इवल्या निळ्या मण्यांचे!

दुसऱ्या दिवशी एक तुरा गायब. तिसऱ्या दिवशी आणखी एक!

संशय कुणावर? शेजारच्या सुमनकाकूंवर! उजाडायच्या आत परडी घेऊन गल्लीभर फिरतात. बायकोला काही बोललो न्हाय. तिला सांगितलं की गल्लीला कळतंय, चोर सावध!

सकाळीच काकूंकडं गेलो. "देवाच्या पाया पडू म्हणलं."

"आजच कसं काय सुचलं बाबा?"

देवघरात निळं दिसलं! वाकलो, पार नाक टेकलं. गोकर्ण निघाली.

"काय हुडकायलास रं?"

"काही न्हाय काकू, देवाचं रूप बघायलोय."

मग संशय समोरच्या गुरुजींवर. तिथंही दर्शन, तिथंही प्रसाद. मग कोपऱ्यावरचं घर. चार दिवसांत गल्लीतलं एक देवघर सोडलं न्हाय! साखरफुटाणे खाऊन दाढ दुखायला लागली, चोर काही घावंना.

रविवारी गुरुजी भजनी मंडळ घेऊन दारात. "तुमची भक्ती बघून आमी थक्क झालो. आजपासून टाळ तुमीच धरायचे!"

बायकोचे डोळे भरून आले. "अवो, मग आधी घरच्या देवाच्या पाया तर पडा!" म्हणत तिनं मला आत ओढलं.

बघतो तर काय! देवांच्या पायाशी माझे निळे तुरे. काही ताजे, काही सुकलेले.

"ही... ही फुलं कुणी तोडली?"

"म्या! एवढी काश्मिराहून आणून वाढवली, ती देवासाठीच ना?"

"अगं, मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. आता संशय तिच्या डोळ्यांत होता.

"सांगायचं काय त्यात? आंघोळ झाली की रोज पूजा तुमीच करता म्हणता न्हवं? मग ही फुलं दिसली कशी न्हाईत?"

मी बाहेर जाऊन गुपचूप टाळ हातात घेतले.