मामंजींचा हात

ॲम्ब्युलन्सच्या नोकरीसाठी येणाऱ्यांना मी दमवतो. तोच माझा धंदा. जिने, दोरउड्या आणि शेवटी मामंजी. मामंजी म्हणजे ऐंशी किलोचा रबरी पुतळा. कुठल्याशा तुकडीतल्या सुनांनी वैतागून ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच.

ती इस्पितळात आया होती. बारा वर्षं पेशंटांची अंगं पुसलेली. या परीक्षेत दोनदा नापास झालेली, आणि वयाची अट पस्तिशीची, म्हणजे ही शेवटची खेप. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काय तग धरणार! पण बाईनं जिवाचं रान केलं. सकाळी कामावर जाण्याआधी पाण्याचे कॅन घेऊन पाच मजले चढायची. तिची आई दारात खुर्ची टाकून फेऱ्या मोजायची.

"अगं, नोकरी करायचीय की सर्कस?"

"आधी घेऊ तर देत कुणी!"

परीक्षेत मामंजींना स्ट्रेचरवरून चार मजले खाली आणायचं, चार मिनिटांत. स्ट्रेचर मध्येच टेकलं की बाद. मागची बाजू आमचा ड्रायव्हर धरतो. पुढची तिची, आणि घड्याळ माझ्या हातात.

दुसऱ्या मजल्यापर्यंत ती सुसाट आली. मनातल्या मनात मी तिला पास करूनही टाकलं होतं. तेवढ्यात पट्टा निसटला आणि मामंजींचा हात बाहेर लोंबला, नेमका कठड्याच्या बाजूला.

"टेकवा," ती ड्रायव्हरला म्हणाली. हात आत घेतला, पट्टा आवळला, वर पुतळ्याचा खांदाही थोपटला. "झालं हं, मामंजी."

खाली पोचली तेव्हा चाळीस सेकंद शिल्लक होते. मी कागदावर 'बाद' लिहिलं.

"सर, हात चिरडला असता ना?"

"रबराचा आहे तो."

"पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत. हात बाहेर आला की आधी थांबायचं."

सांगितलं होतं. दर तुकडीला सांगायचो. साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. मीही मुकाट मान डोलावली. त्याची लाज अजून जात नाही. ती दुपारच्या पाळीला वॉर्डात हजर झाली.

पुढच्या तुकडीला मी हाताचं काही शिकवलं नाही. सगळे पास झाले. आज ते गाड्यांवर आहेत.