कवळीचा रकाना

आमच्या वृद्धाश्रमाला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, अशी सूचना मध्यंतरी निघाली. 'ज्येष्ठ निवास' म्हणायचं. आम्ही म्हातारे 'निवासी' झालो, आमच्या मावश्या 'केअर असोसिएट' झाल्या आणि चार वाजताचा चहा 'द्रव सेवन' झाला. चहात साखर मात्र आधी होती तेवढीच कमी राहिली.

हे निवास मनीषनगरात आहे. बायको गेल्यावर मी इथे आलो, त्याला आता चार वर्षं झाली. त्याआधी मी शिक्षण खात्यात होतो. शाळा तपासणं हे माझं काम, आणि बराच काळ मौदा तालुका माझ्याकडे होता. तपासणी म्हणजे काय, तर मी येणार हे शाळेला आठ दिवस आधी कळायचं. शाळा झाडूनपुसून बसायची. मी पोहे खायचो, हजेरीपट चाळायचो, पहिल्या बाकावरच्या पोराकडून कविता म्हणवून घ्यायचो आणि शेरेबुकात 'समाधानकारक' असं लिहून गाडीत बसायचो. हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की माझी सहीसुद्धा त्याच्यासारखी दिसायला लागली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या विद्येचा मोठा हात आहे.

बाहेरची एक संस्था येऊन आमच्यासारख्या निवासांना तारे देते. आम्हाला दोन मिळाले होते. आमच्याच ट्रस्टच्या दुसऱ्या निवासाला चार मिळाले, तेव्हा आमचा तिशीतला मॅनेजर आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. मग त्याने सगळ्यांना हॉलमध्ये बसवून समजावलं. आपल्याकडे काळजी कमी पडत नाही, नोंदी कमी पडतात. "डेटा बोलतो," असं तो म्हणाला. मागच्या रांगेतल्या एका आजींनी, तो मराठीत बोलतो का, असं विचारलं. तेवढाच काय तो प्रश्न आला.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मावशीच्या गळ्यात टॅबलेट आला. मावशीकडे सहा निवासी आणि एकेका निवाशाच्या तीसेक नोंदी. पाणी किती, जेवण किती टक्के, मनःस्थिती कशी (त्यासाठी पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत), पोट साफ झालं का, झालं तर कोणत्या प्रकारचं, त्याचीही चित्रं. मराठी भाषांतर कोणी केलं देव जाणे. 'निवासी समाधानाने गिळतो' असा एक पर्याय होता. आदल्या दिवसाचं सगळं सकाळी अकराच्या आत भरलं नाही तर मावशीचं नाव लाल व्हायचं. महिन्यात तीनदा लाल झालं की नोकरी गेली.

आमच्या खोलीची मावशी पन्नाशीची, मूळची मौद्याकडच्या एका खेड्यातली. कोणाचा कोणता गुडघा आधी वाकतो, कोणाला आंघोळीचं पाणी किती ऊन लागतं, कोण रागावला की पाठ करून झोपतो, सगळं तिच्या डोक्यात. लिहिण्यावाचण्याचं मात्र अवघड. पहिल्याच आठवड्यात तिचं नाव दोनदा लाल झालं. तिसऱ्याची वाट पाहत ती व्हरांड्यात टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती.

"मले नाही जमत हे, सर. आता घरीच बसवतीन हे लोकं. ह्या वयात दुसरं कोन ठेवते मले?"

मी विचारलं, शाळेत किती शिकलीस? तिने गावाचं नाव सांगितलं. मी खूश झालो. म्हटलं, अगं, ती शाळा मीच तपासायचो, फार छान शाळा, सगळी पोरं घडाघडा वाचायची.

"वाचतीनच न जी," ती म्हणाली. "तपासनीच्या दिवशी आमाले शाळेत याचंच नाही म्हनून सांगत होते गुरुजी. ज्याले वाचता येत नाही, त्याले सुट्टी. मी दोनतीनदा घरी राह्यली, मंग गेलीच नाही."

हे तिने मला टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. टोमणा असता तर सोसला असता. मी घाईघाईने तिच्या मांडीवरचा टॅबलेट उचलला आणि म्हटलं, आण, मी भरतो. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात, तो प्रकार इथे सुरू झाला.

दहा ते अकरा मी व्हरांड्यात बसून तिच्या सहाही निवाशांच्या नोंदी भरू लागलो. त्यातला एक मीच होतो, आणि माझी मनःस्थिती मी नेहमी उत्तम ठेवली. बाकीच्यांच्या बाबतीत कारागिरी दाखवली. शंभर टक्के कधी भरायचं नाही, शंभर टक्क्यांवर तपासणाऱ्याला संशय येतो. ऐंशी, नव्वद, मधेच एखादा सत्तर. वजन मागच्या महिन्याचं घ्यायचं आणि शंभर ग्रॅम इकडेतिकडे करायचं. तिकडे मावशी त्या तासात लोकांना आंघोळी घालायची, नखं कापायची. तिचं नाव हिरवं झालं. मॅनेजरने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि ती माझ्याकडे न बघता खाली बघत राहिली. मला मात्र जन्मात पहिल्यांदा लोकांच्या उपयोगी पडल्यासारखं वाटत होतं.

माझ्या खोलीत दुसऱ्या पलंगावर एक शिंपीबाबा आहेत. इतवारीत कापडबाजारामागे त्यांची मशीन होती. माणूस दारातून आत आला की नजरेनेच त्याचं माप घेतात. बोलणं कमी, तक्रार तर नाहीच. तपासणीच्या महिनाभर आधीपासून त्यांचं जेवण घटत गेलं, आणि तारीख जवळ आली तसं त्यांनी ताट तसंच परत पाठवायला सुरुवात केली.

"सर, बाबाची कवळी लागून राह्यली," मावशी म्हणाली. "आतून फोड आला मोठा. जेवूनच नाही राह्यले ते. डॉक्टरले कळलं पायजे, लिहून द्या."

मी शोधलं. विष्ठेची सात चित्रं होती, कवळीला रकाना नव्हता. शेवटी 'इतर' मध्ये लिहिलं, तर मावशीचं नाव पिवळं झालं आणि पाच मिनिटांत मॅनेजर तिच्यापुढे उभा. तपासणी चार दिवसांवर आली असताना हे पिवळं काय काढलंत? तिने तोंडाने सगळं सांगितलं. तो म्हणाला, असं सांगून उपयोग नाही, सिस्टममध्ये योग्य रकान्यात टाका. योग्य रकाना कोणता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी ती ओळ पुसली. मावशीला म्हटलं, तपासणी होऊन जाऊ दे, मग लिहू, चार दिवसांत काय होतंय? नाहीतर तुझंच नाव जाईल.

"माह्या नावाचं राहू द्या जी," ती म्हणाली. "फोड त आत्ता हाय न."

मी ऐकलं नाही. ती पातळ खिचडी करून आणायची, बाबा दोन घास घ्यायचे आणि म्हणायचे, "राहू दे वं, मले भूक नाही." दुपारभर ते खिडकीशी बसून आपलेच सदरे शिवत. मला वाटलं, हाताला चाळा. मी कौतुकही केलं, या वयात डोळे काय शाबूत आहेत म्हणून. जेवणाच्या रकान्यात ऐंशी लिहिलं.

तपासणीला एक बाई आल्या. त्यांच्या हातातही टॅबलेट होता. त्यांच्या टॅबलेटने आमचे टॅबलेट तपासले, आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून बाजूला बसलो. आमच्या खोलीत त्या दोन मिनिटं थांबल्या. बाबांच्या वजनाची रेघ सरळ होती. "किती अंगासरसे कपडे घालता हो आजोबा," असं म्हणून त्या पुढे गेल्या. माझे शेरेही तीस वर्षांत कोणालाही इतक्याच सहज पकडता आले असते, आणि कोणीच पकडले नव्हते. चार तारे मिळाले. पेढे वाटले. बाबांनी त्यांचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्हाणीच्या दारात कोसळले. मावशीने आरडाओरडा करून माणसं जमवली. दवाखान्यात मॅनेजरबरोबर मीही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस जेवले नाहीत? मॅनेजरने टॅबलेट उघडून दाखवला. ऐंशी, नव्वद, ऐंशी. डॉक्टरांनी बाबांचा सदरा वर केला. अंगावर बरगड्या मोजता येत होत्या, आणि सदऱ्याच्या आतून दोन्ही बाजूंना शिवणीच्या ओळी होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. अंग जसजसं आटत गेलं, तसतसा तो माणूस बारीक टाक्यांनी सदरा आत घेत गेला होता, आणि मी समोरच्या पलंगावरून त्याचं कौतुक केलं होतं.

सलाईन लागलं, बाबा वाचले. मग चौकशी. नोंदी मावशीच्या नावाने, तेव्हा दोषही मावशीचा. खोट्या नोंदी केल्या म्हणून काढून का टाकू नये, अशी नोटीस तिला मिळाली. ती तिने माझ्याकडूनच वाचून घेतली. माझं नाव तिने कुणाजवळही काढलं नव्हतं. मी विचारलं, काहून?

"तुमी माह्यासाठीच केलं न," ती म्हणाली.

मी मॅनेजरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. "सर, तुम्ही निवासी आहात. निवाशाला लॉगिन नसतं. म्हणजे सिस्टमप्रमाणे तुम्ही काही भरलेलंच नाही." मग हळूच म्हणाला, "तारे जातील, सर. झाकली मूठ राहू द्या."

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी खोलीत येऊन पडलो. बाबांचा पलंग रिकामा होता आणि त्यांचा सदरा धुऊन दांडीवर वाळत घातला होता, उलटा. पंख्याने हलत होता. आतल्या तिन्ही ओळी मला पडल्यापडल्या दिसत होत्या. माझी मलाच इतकी शरम वाटली की मी उठून बसलो.

त्या दुपारी मी कागदावर, हाताने, पाच पानी अहवाल लिहिला. कोणत्या दिवशी मावशीने काय सांगितलं, मी काय लिहिलं, काय पुसलं, मॅनेजर काय म्हणाला. खाली माझं जुनं पद घालून सही केली. एक प्रत ट्रस्टला, एक तारे देणाऱ्या संस्थेला. शेरा लिहिताना हात सवयीने 'समा' पर्यंत गेला होता, तो खोडला.

परिणाम व्हायचा तो झाला. दोन तारे गेले. फाटकाशेजारच्या भिंतीवरचा चार ताऱ्यांचा झळाळता बोर्ड उतरला आणि भिंतीत स्क्रूची चार भोकं उरली. निवासी मंडळी माझ्यावर चिडली, कारण मुलांना त्या बोर्डाचे फोटो पाठवून झाले होते. माझ्या मुलाने फोन करून विचारलं, बाबा, तुम्हाला या वयात काय गरज होती? मावशीची नोटीस मागे घेतली. मला टॅबलेटच्या दहा फुटांत यायला बंदी झाली. आणि सिस्टममध्ये कवळीचा रकाना आला, सर्वांना सक्तीचा. आमच्याकडच्या एक आजी, ज्यांचे बत्तीसही दात शाबूत आहेत, त्यांच्या कवळीची नोंदही रोज होते.

बाबा परत आले. नवी कवळी नीट बसली आहे. खिडकीशी बसून ते आता टाके उसवतात, पंधरा-वीस दिवसांनी एक ओळ.

मावशी एकेक अक्षर लावत स्वतः टॅबलेट भरते. उशीर होतो, नाव कधी पिवळं होतं, आता कोणी बोलत नाही. कालच जेवताना ती समोर येऊन बसली. एका शब्दापाशी अडली होती, म्हणून मी मान लांबवून सांगायला गेलो.

"तुमी राहू द्या, सर," ती म्हणाली. "पोळ्या किती खाल्ल्या?"

"दोन," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून माझ्या ताटातली वाटी उचलली. खाली अर्धी पोळी होती.

"दीड," ती म्हणाली, आणि बोटाने सावकाश तसं लिहिलं.