सातवा रकाना: ‘भूल से’

खोब्रागडे काकांचं नाव आधी सांगतो, बाकीचं मग. जयपुरात त्यांनी मला दोनदा उभं केलं. एकदा नोकरी लावून दिली आणि एकदा तीच नोकरी वाचवली. या दोन्हींच्या मधे त्यांची मुलगी गेली. तिच्या जाण्यात माझ्या अक्षरातला एक शब्द आहे, म्हणून हे लिहितो आहे.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यातली दुपार होती. अजमेर रोडवर बस उलटली होती आणि आमची कॅज्युअल्टी माणसांनी भरली होती. कॅज्युअल्टी म्हणजे दवाखान्यातली पहिली खोली. अपघात असो, भाजलेलं असो, विष पोटात गेलेलं असो, आधी तिथेच आणतात. मी दाराजवळच्या टेबलावर रजिस्टर लिहायचो. आठवीत शाळा सुटली होती, पण अक्षर चांगलं होतं. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणायचे, “मराठा साहब, लिखावट कलेक्टर की, तनख्वाह चपरासी की.”

त्या गर्दीत काका आले. त्यांच्या हातांवर माहेरी आलेली त्यांची मुलगी, माया, होती. मागे काकू, पायात चप्पल नाही. मायाच्या पोटात काहीतरी गेलं होतं. नर्सनी तिला आत घेतलं, पडदा ओढला. डॉक्टर बसच्या पेशंटांमध्ये अडकलेले. जाता जाता मला म्हणाले, घरवालों से पूछ के भर लो, साइन मैं कर दूँगा.

आमच्या रजिस्टरात नऊ रकाने होते. सातवा कारणाचा. विषाची केस असली की त्यात दोनपैकी एक शब्द जायचा. ‘भूल से’, म्हणजे चुकून. नाहीतर ‘जानबूझकर’. दुसरा शब्द लिहिला की पोलीस चौकीतला शिपाई उठून यायचा, कारण कायद्यानं असा प्रयत्न म्हणजे गुन्हा. पेशंट शुद्धीवर येतो न येतो तोच जबाब. पहिला शब्द लिहिला तर शिपाई एक कागद भरून परत चहाला जायचा. त्यामुळे आमच्या टेबलापाशी येणारे बहुतेक नातेवाईक हात जोडूनच यायचे. मी बहुतेकांना नाही म्हणायचो. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय काही लिहायचं नाही हा माझा नियम होता, कारण नोकरी जाईल ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

काकांनी हात जोडले नाहीत. ते टेबलाला धरून उभे राहिले. पुलगावचे आम्ही दोघं. ते रेल्वेत फिटर, बदलीनं जयपूरला आलेले. माझे वडील वारल्यावर मला सोबत घेऊन आले, स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये वर्षभर आपल्या ताटात जेवू घातलं, चार ठिकाणी शब्द टाकून या टेबलाशी आणून बसवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकही काम सांगितलं नव्हतं.

“बेटा, चुकून घेतलं म्हनून लिहजो,” ते हळूच म्हणाले. “सासरी समजलं तं पोरगी कायमची घरी बसन. अन् पोलीस क्वार्टरात आला तं तिले तोंड दाखवाले जागा राहनार नाही.”

मी लिहिलं. भूल से. अक्षर नेहमीसारखं चांगलंच आलं. डॉक्टरांनी न वाचता सही केली.

माया वाचली. पाचव्या दिवशी घरी गेली. काकांनी माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. मला वाटलं, आपण काहीतरी फेडलं.

जून संपता संपता भंडारी मॅडमनी मला बोलावलं. त्या ज्या डिपार्टमेंटच्या होत्या त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. मला त्यांनी सोपं करून सांगितलं होतं की बाकीचे डॉक्टर पेशंटला तपासतात, आम्ही मोहल्ल्याला तपासतो. मलेरिया का वाढला, मुलं जुलाबानं कुठे जातात, हे मोजायचं आणि मुळाशी जायचं. आता त्यांना आत्महत्येचं तसंच मोजायचं होतं. त्यांचं म्हणणं असं की ज्यानं एकदा प्रयत्न केला त्याच्यावर पुढचे काही महिने सगळ्यात जास्त धोका असतो, आणि नेमके तेव्हाच आपण त्याला घरी पाठवून विसरून जातो. तर विसरायचं नाही. घरी जायचं. आठवड्यानं, महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. जाऊन बसायचं आणि विचारायचं.

त्यासाठी त्यांना दुपारनंतर सायकलवर फिरणारा माणूस हवा होता. ड्यूटी संपल्यावर मी रिकामाच असायचो. वॉर्डबॉय मला ‘आठवी पास डॉक्टर’ म्हणू लागले.

पहिलं काम यादीचं. गेल्या दोन महिन्यांच्या रजिस्टरातून सातव्या रकान्यात ‘जानबूझकर’ असलेली सगळी नावं, वय, पत्ता. मॅडमनी तसंच सांगितलं होतं. मी पानं उलटत गेलो. मे महिन्यातल्या त्या पानावर माझंच अक्षर होतं. माया, वय वीस, रेल्वे क्वार्टर. भूल से.

त्या ओळीवर मी किती वेळ बोट ठेवून बसलो ते सांगता येत नाही. तिचं नाव यादीत घालायचं तर मॅडमना सांगावं लागलं असतं की रजिस्टरात मी खोटं लिहिलं. सरकारी रजिस्टरात खोटी नोंद म्हणजे घरी जाणं. घर म्हणजे पुलगाव, आई आणि दोन बहिणी, माझ्या मनीऑर्डरीवर. शिवाय मनाची समजूत घालायला एक कारण तयारच होतं. मी तर त्या घरी दर रविवारी जातो. तिथे यादी कशाला?

मी पान उलटलं.

दुसरी गोष्टही मला माहीत होती. टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांनाच माहीत होती. ‘भूल से’ लिहिलेल्यांतले खरोखर चुकलेले फारच थोडे होते. मॅडमना हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणाला त्यांनी विचारलं नव्हतं. आणि आठवी पास माणूस डॉक्टरांना आपणहून काय सांगणार?

फिरणं सुरू झालं. सोडाला, बनी पार्क, सांगानेरकडची वस्ती. मॅडमनी मला तीन प्रश्न पाठ करून घेतले होते. झोप लागते का? जेवण जातं का? आणि अजून तसं मनात येतं का? तिसऱ्याला माझी जीभ अडखळायची. मी मॅडमना म्हटलं, विचारलं आणि त्यामुळेच परत मनात आलं तर? त्या म्हणाल्या, विचारल्यानं येत नाही. जे आहे ते बोलायला वाट मिळते. मग घरातल्या एका माणसाला सांगायचं की जे घातक असेल ते कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या जवळ. कठीण वेळ पुष्कळदा थोडीच असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस राहतो. आणि शेवटी, पुढच्या वेळी अमुक दिवशी येईन. सांगितलेला दिवस चुकवायचा नाही, हे त्यांचं सगळ्यात कडक.

खांद्यावरच्या फॉर्मच्या थैलीमुळे शेजारपाजारचे मला मलेरियावाला समजायचे. बरंच होतं ते. सोडाल्यात एक बाई होती. पहिल्या वेळी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या वेळी पाणी दिलं. तिसऱ्या वेळी मी पोचलो तेव्हा ओसरीवर स्टूल मांडून ठेवलेलं. “आज आप आने वाले थे,” ती म्हणाली, “तो आज का दिन तो निकालना ही था.” मी हे वाक्य मॅडमच्या फॉर्मवर जसंच्या तसं लिहिलं.

रविवारी मात्र मी थैली खोलीवर ठेवून काकांकडे जायचो.

मायाचा जन्म जयपूरचा. तिचं मराठी आणि माझं हिंदी, दोन्ही लंगडी. मी नवा आलो तेव्हा माझं ‘हम जाता है’ ऐकून ती हसून हसून लोळायची. आता ती स्वयंपाकघराच्या दारात बसून असायची. सासरची काही बातमी नव्हती. तो विषय कोणी काढत नव्हतं, दवाखान्याचाही नाही. काकू तिला सारखं काही खायला द्यायच्या, ती ते हातात धरून बसायची. झोप लागत नाही हे तिच्या डोळ्यांवरून मला दिसत होतं. बारा घरांत मी तीन प्रश्न विचारत होतो. त्या घरात मी भाजीला चव छान आहे म्हणत होतो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर काका बाहेर हात धुवायला गेले. माया म्हणाली, “दादा, बाबा सांगतात तुम्ही लोगों के घर जाता. काय विचारता?”

मी म्हटलं, असंच, तब्येतीचं.

“मतलब, कोणाच्या घरी?”

“यादीत असतात त्यांच्या.”

तिनं माझं ताट उचललं. मग हसली. “आमच्याकडे नाही येणार? थैली घेऊन?”

“आलोय की,” मी म्हटलं. “जेवायला.”

मी हसलो, तीही हसली. काका आत आले आणि बोलणं तिथेच संपलं.

अकरा दिवसांनी तिला परत आणलं. दुपारचीच वेळ, मीच टेबलावर. या वेळी गर्दी नव्हती. डॉक्टर सगळे होते, औषध होतं, सगळं झटपट झालं. तासाभरानं पडदा बाजूला झाला तेव्हा काकूंचा आवाज आला, आणि मला समजलं. काका भिंतीला टेकून उभे होते. माझ्याजवळ कोणी काही मागितलं नाही. सातवा रकाना डॉक्टरांनी स्वतः भरला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. मे महिन्यातलं पान, यादी, रविवार, ताट, सगळं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, “ये जो ‘भूल से’ हैं, इनमें सच्चे कितने होंगे?”

“बहुत कम, मॅडम.”

“आपने पहले क्यों नहीं बताया?”

मी म्हटलं, किसी ने पूछा नहीं. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. त्यांनाही ते कळलं असावं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. ज्या शब्दाला माणसं घाबरतात त्याच शब्दावरून त्यांनी यादी मागितली.

मी विचारलं, तिच्या घरी थैली घेऊन गेलो असतो तर ती राहिली असती का?

“मालूम नहीं,” त्या म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्या बाई त्या नव्हत्या. मला वाटत होतं की निदान एकदा बोलाव्यात.

त्याच आठवड्यात नियम बदलला. विषाची केस आली की सातव्या रकान्यात काहीही असो, घरी जायचं. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर, आणि तो कागद चौकीला दाखवायचा नाही. यादी एकदम तिप्पट लांब झाली. मी वर्षभर फिरलो. कोण कशामुळे त्या टोकाला गेलं याचं उत्तर एका रकान्यात बसेल असं एकही घर मला सापडलं नाही.

खोट्या नोंदीची चौकशी मात्र झालीच. सुपरिंटेंडेंट साहेबांनी मला उभं करून विचारलं.  तेव्हा काका आले. कोणी बोलावलं नव्हतं, त्यांना दवाखान्यातल्याच कोणीतरी सांगितलं होतं. मुलीला जाऊन महिनाही झाला नव्हता. रेल्वेच्या खाकी कपड्यात त्यांनी टेबलावर वाकून लिहून दिलं की मी बाप आहे, चुकून घेतलं असं मीच सांगितलं, मुलानं मी सांगितलं तेच लिहिलं. मला ताकीद मिळाली. नोकरी राहिली.

बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, “माह्यासाठी तुह्या नोकरीवर आलं होतं बाप्पा. माफ करजो.”

त्यांनी माझी माफी मागितली. मी मान हलवली आणि आत जाऊन रजिस्टर उघडलं.

वर्ष संपलं, तसं मॅडमच्या कामाला मिळालेली मंजुरीही संपली. रिपोर्ट टाइप झाला, वर गेला. वरून पोच आली. मॅडमची बदली झाली, निघताना एवढंच म्हणाल्या की मोजणं सोडू नका. आता विषाच्या केसनंतर घरी कोणी जात नाही. सोडाल्याच्या त्या बाईकडे मी पुढेही काही दिवस गेलो, स्वतःच्या सायकलवर. मग तिनं घर बदललं. नवा पत्ता शेजाऱ्यांना माहीत नव्हता. मी अजून त्याच टेबलावर आहे. नातेवाईक अजून हात जोडतात, सातव्या रकान्यात अजून बहुतेक ‘भूल से’ असतं.

या धंद्यातून मला एवढंच समजलं. जो रकाना भीतीनं किंवा दयेनं भरला जातो, त्यावरून यादी करू नये. आणि ज्या घरी आपण जेवतो तिथे तिसरा प्रश्न आधी विचारावा.

काका दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन पुलगावला गेले. पोस्टकार्ड येतं, तब्येतीस जपजो असं लिहिलेलं असतं. त्यांना वाटतं की माझ्या हातून झालं ते फक्त पोलिसांसाठीची खोटी नोंद, आणि तीही त्यांच्या सांगण्यावरून. अशी एक यादी होती, त्यात मायाचं नाव आपोआप राहून गेलं नव्हतं, मी ते राहू दिलं होतं, आणि थैली घेऊन येणार नाही का असं तिनं मला हसत हसत विचारलं होतं, हे त्यांना माहीत नाही. सगळा दोष ते एकटे उचलून बसले आहेत. त्यातला माझा भाग मी त्यांच्याकडून परत घेईन. रजा मिळेल तेव्हा पुलगावला जाईन, त्यांच्या समोर बसेन, आणि जेवणाच्या आधी सांगेन.