दत्तकाची बाजू

हरलेल्या पक्षाचं वकीलपत्र आपणहून घ्यायचं, तेही दोन्ही पक्ष केव्हाच मरून गेल्यावर, असा माणूस त्रिभुवनात एकच असणार आणि तो नेमका माझा साडू निघाला. राहायला इंग्लंडातलं मिल्टन कीन्स, नोकरी सॉफ्टवेअरची. चर्चच्या हॉलमध्ये हीटिंग फुकट आणि बिस्किटं बरी, म्हणून हे तिथल्या इतिहासाच्या वर्गाला जाऊ लागले आणि तिथे त्यांना आठव्या शतकातला एक स्पॅनिश बिशप सापडला. येशू देव म्हणून देवाचा सख्खा मुलगा, पण माणूस म्हणून दत्तक, असं या बिशपचं म्हणणं. चर्चने ते पाखंड ठरवलं. झालं! साडूंचं डोकं फिरलं. कारण साडू स्वतः दत्तक. सांगलीच्या आत्याने त्यांना तान्हेपणीच घेतलेलं. "दत्तक म्हटल्याने अपमान कसा होतो, सांग ना!" असं ते बार्बेक्यूवर मला विचारत. मी कणसं उलटत असे.

त्या चर्चच्या पाद्री, व्हिकरबाई, बिचाऱ्या सोशिक. साडूंनी त्यांना सुपरमार्केटात दुधाच्या फ्रिजपाशी गाठलं.

"अहो, त्याचा निकाल बाराशे वर्षांपूर्वीच लागलाय," त्या म्हणाल्या.

"एकतर्फी!" साडू म्हणाले.

शेवटी सुटका म्हणून बाईंनी त्यांना एका रविवारी दुपारी वर्गात बोलायला लावलं. साडू टाय लावून उभे राहिले. समोर काही पेन्शनर, एक कुत्रा आणि पहिल्या रांगेत सांगलीहून आलेल्या त्यांच्या आई, म्हणजे तीच आत्या, नऊवारीवर सुनेचं फ्लीसचं जाकीट चढवून. साडू इतके तावातावाने बोलले की कुत्र्याने भुंकून अनुमोदन दिलं. आईंना इंग्रजी कळेना.

"कुणाशी भांडतोयस रे एवढा?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"भांडत नाही, आई. येशू सख्खा की दत्तक, ते चाललंय."

"मग त्याच्या आईला विचारलं का कुणी?"

व्हिकरबाईंनी भाषांतर मागितलं, साडूंनी ते केलं. हॉल खदखदून हसला. साडू मात्र हसले नाहीत. उरलेल्या स्लाइड तशाच टाकून ते खाली बसले.

परतताना गाडीत मी पुढे, आई मागे. साडू एकाच राउंडअबाउटच्या गोल चौकाला उगीच दोनदा फिरले. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आई, मी दत्तक आहे हे मला शाळेतल्या पोरांनी सांगितलं. तू का नाही सांगितलंस?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, कळलं तर तू परत जाशील."

साडूंनी गाडी कडेला घेतली. "तू चालव," मला म्हणाले आणि मागे आईशेजारी जाऊन बसले.