पूजा केलेलं झाकण

बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझं देवाशी बोलणं तुटकच होतं. नमस्कार रोज करायचो, पण रुसलेला पाहुणा जेवतो तसा, वरवर. ती बरी झाली, हळूहळू घरातली कामं करू लागली, पण तिचं हसणं मात्र दवाखान्यातच राहिल्यासारखं झालं. खाटेवर पडल्या पडल्या ती नवस बोलली होती: उठून चुलीपुढे बसले, तर आप्पांच्या जत्रेला माझ्या हातच्या भाकरी जातील. आप्पा म्हणजे चिंचोळीच्या बाजूला समाधी असलेले आमचे सत्पुरुष. यंदा ती चुलीपुढे बसली. एक भाकरी थापायची, जरा भिंतीला टेकायची, मग दुसरी. मी दारातून बघत होतो आणि देवावरचा राग काही उतरत नव्हता.

जत्रेचा रिवाज असा, की आमच्या हुलसूरकडच्या बायका ज्वारीच्या कडक भाकरी करून, वाळवून, धुतलेल्या धोतरांत बांधून देतात आणि माझा ट्रक त्या समाधीवर नेतो. आमच्या भाकरी पोचल्याशिवाय पहिली पंगत जेवत नाही. पानं मांडून लोक वाट बघत बसतात, त्यात चालत आलेली म्हातारी माणसं असतात, लेकरं असतात. गाडी अडली तर एवढी माणसं उपाशी.

ट्रक वडिलांचा, लांब नाकाचा, वयानं माझ्याहून थोडाच लहान. मीटरचे सगळे काटे बंद, सुटे भाग भंगारात शोधावे लागतात. हा पांढरा हत्ती कशाला पोसतोस, असं लोक विचारतात. पण नव्या गाडीला काही झालं की माणूस लॅपटॉप घेऊन येतो. हिला झालं की पाना घेऊन मीच खाली शिरतो. तेवढा मान मला अजून आहे, तो कशाला सोडू?

निघायच्या आदल्या संध्याकाळी टाकी गच्च भरली. सकाळी मारुतीचा शेंदूर तेलात कालवून गाडीला लावला. नाकाला, चाकांना, डिझेलच्या टाकीच्या झाकणाला. मनात राग होता म्हणूनच की काय, यंदा हात जास्तच सढळ सुटला. झाकणावर तर थर बसला. वर लाल दोरा बांधला. पूजा केलेलं झाकण समाधीवर पोचेपर्यंत उघडायचं नाही, ही वडिलांपासूनची रीत.

बायको शेजारी बसली होती. स्वतःच्या भाकरींचं गाठोडं तिनं मागे टाकू दिलं नाही, मांडीवरच धरलं. मन्नाएखेळ्ळी गाव जवळ आलं आणि इंजिन खोकायला लागलं, मग बंद पडलं. जुन्या डिझेल गाडीच्या नळीत हवा शिरली की असं होतं. फिल्टरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारला, बुडबुडे काढले. चालू झाली. थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. फिल्टर बदलला, नळीचे सांधे आवळले, हवा शिरू नये म्हणून त्यांवर साबण घासला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. हमरस्ता सोडून चिंचोळीच्या वाटेला लागलो आणि तुरीच्या रानात गाडी चौथ्यांदा थांबली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिकडे पानं मांडून झाली असतील. बायकोनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. मी वर बघून देवाला म्हणालो, "हिचंच नशीब सापडलं का तुला?" आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात रानातून एक म्हातारी आली. हातात पाण्याची बाटली, पण आत डिझेल.

"अण्णा, आप्पांची गाडी हीच न्हवं? दर साली बघती मी. मला बी भाकरी द्यायची हुती. यंदा हात थरथरायलेत, थापाया येईना. हिरीवरच्या इंजिनातलं डिझेल आणलंय, टाकीत ओत."

"अव्वा, टाकी भरलेलीच हाय. अन् झाकणाची पूजा केलीय, पोचल्याबगर उघडत न्हाईत."

"मग मी काय देऊ आप्पाला?"

मी पाना उचलून वळलो. बायको गाठोडं सांभाळत खाली उतरली. "उघडा की वो. तुमची पूजा ती पूजा, अन् तिची काय न्हाई का?"

चिडूनच दोरा तोडला आणि झाकण पिळलं. टाकीनं सूंऽऽ करून असा लांब श्वास आत ओढला, की म्हातारी दचकून मागे सरली. माझे कान तापले. झाकणाला सुईएवढं भोक असतं. डिझेल संपेल तशी त्यातून हवा आत जाते. हवा गेली नाही तर टाकी डिझेल सोडत नाही. ते भोक मीच शेंदरानं बुजवलं होतं.

अव्वानं थरथरत्या हातांनी बाटली ओतली. निम्मं बाहेर सांडलं. मी भोक तारेनं मोकळं केलं, पंप मारला, आणि इंजिन चालू झालं ते पुढे थांबलंच नाही. अव्वाला आम्ही केबिनमध्येच घेतलं.

ऊन कललं होतं. पंगत बसून होती. कुणी वाकडा शब्द बोललं नाही, पोरांनी पळत येऊन गाठोडी उतरवली. बायकोनं आपली पहिली भाकरी अव्वाच्या पानात वाढली. अव्वाला दात नव्हते, म्हणून हिनंच ती वरणात कुस्करून दिली.

मिस्त्री म्हणतील, भोक बुजलं, झाकण उघडलं, हवा गेली, त्यात देव कुठं आला? खरं आहे. मी वाद घालत नाही. पण झाकण उघडायचं माझ्या मनात नव्हतं, आणि नको असलेलं दान घेऊन ती बाई तिथेच का आली, ते मला सांगता येत नाही. मी फक्त नेणारा होतो, आणि घ्यायची वेळ आली तेव्हा आपल्या रीतीआड उभा राहून नाही म्हणालो. आता कुणी काही दिलं की मुकाट्यानं घेतो.

जेवणं झाल्यावर गाडीच्या सावलीत बायकोला सगळं सांगितलं, शेंदरानं बुजवलेल्या भोकासकट. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. टाक्यांच्या जागी हात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "देवाचं करायलाव, करा," ती म्हणाली, "पर त्याला दम घ्याया जागा तरी ठेवत जावा!"

दवाखान्याच्या दारात बसून मी आप्पांकडे हिचा जीव मागितला होता. हसू मागायचं मला सुचलंही नव्हतं. ते त्यांनी आपणहून दिलं.