दादाला सोसतं

पुतणीचा फोन आला तेव्हा मी मदुराईच्या दुकानात गिऱ्हाईकाची अंगठी काट्यावर ठेवत होतो. "तात्या, अण्णा गेलं... सांगलीच्या दवाखान्यातच." तिचे अण्णा म्हणजे शंकरदादा, माझा थोरला चुलतभाऊ. विट्याजवळच्या आमच्या गावातनं आम्ही दोघं एकदमच गलाईच्या धंद्यात शिरलो. गलाई म्हणजे जुने दागिने गाळून सोनं शुद्ध करायचं. त्यात तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, काम फार वाईट. तांबूस धूर उठतो आणि घशात कुणी नखं ओढल्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी मी खोकत बाहेर पळालो. दादा हसला. म्हणाला, "जा, तू फुडं गिऱ्हाईक बघ. मला सोसतंय."

हे एक वाक्य मी वीस वर्षं वापरलं. मी पुढे पंख्याखाली, दादा मागच्या कोंदट खोलीत, तोंडाला ओला पंचा बांधून. गावाकडचा नवा गडी कुरकुरला की मी ऐकवायचो, "दादाकडं बघ, कवा तक्रार हाय का?" एकदाच दादानं विषय काढला होता. "भिंतीला भोक पाडून धूर ओढणारा पंखा बसवूया का रं?" मी म्हटलं, घरमालक भिंत फोडू देणार नाही. खरं सांगतो, मालकाला मी कधी विचारलंच नाही. दादा "बरं" म्हणाला आणि परत मागे गेला. त्याचं ते "बरं" मला किती सोयीचं होतं! पुढं चार पायऱ्या चढतानाही धाप लागू लागली, तेव्हा तो गावी परतला.

रक्षाविसर्जनाला गाव जमलं. आमच्याकडे त्या दिवशी भाषणं होतातच. मीही उभा राहिलो. दादा किती सोशीक होता, आताच्या पोरांना असं सोसवत नाही, वगैरे बरंच बोललो. माणसं डोळे पुसत होती आणि... लिहायला लाज वाटते, पण भाषण चांगलं झालं असं मला वाटत होतं.

निघायच्या दिवशी वहिनींना भेटायला गेलो. त्या रागावल्या नव्हत्या. शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "भावजी, तुमी त्यास्नी सोशीक म्हणालासा. त्यास्नी कुठलं सोसतंय? तुमाला सोसत न्हवतं, म्हणून ते बसायचं धुरात." मी मान खाली घातली.

मग त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. दादाचा मोबाइल तिथं अजून चार्जिंगला होता आणि शेजारी पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र पालथं घातलेलं. "तुमचा फोन वाजला की आदी दोन घोट घ्यायचं, मगच उचलायचं. मधीच खोकला आला तर तुमी जिवाला लावून घेशीला म्हणून..."

दर रविवारी मी फोन करायचो. पलीकडून मोकळा आवाज आला की म्हणायचो, "दादा, ठणठणीत हायस की!" आणि निश्चिंत होऊन जेवायला बसायचो.