टर्नरकाकांची शीळ

घशाच्या ऑपरेशनात टर्नरकाकांचा आवाज गेला आणि त्याच्याबरोबर शीळही गेली. आवाजाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. जन्मभर कारखान्यात लेथ यंत्राच्या घरघराटात उभ्या राहिलेल्या माणसाला बोलायची सवय कुठली! पण शीळ? कारखान्यातून परतताना फाटकाशी ते चार सुरांची शीळ घालत आणि आत काकू चहाचं आधण ठेवत. आता श्वास गळ्यावरच्या भोकातून, ओठांपर्यंत वारा पोचायचाच नाही. काका पाटीवर लिहीत, काकू वाचून मान हलवत, आणि घर मुकं होत चाललं होतं. काहीही करून ती शीळ काकूंना पुन्हा ऐकवायचीच, असं काकांनी मनाशी घेतलं.

मुलगी तंत्रशाळेत शिकवायची. तिथून भंगारात निघालेलं एक जुनं प्रोसेसर किट तिनं घरी आणलं. उघडा हिरवा बोर्ड, बटणं, तांबडे आकडे आणि चिमुकला स्पीकर.

"बाबा, हा भलता आज्ञाधारक आहे. पण एका वेळी एकच बारीक काम सांगायचं. हा आकडा उचल, एक वजा कर, शून्य झाला का बघ, नाहीतर मागे फिर. याच्या या भाषेला असेंब्ली म्हणतात."

काका हरखलेच! अहो, हे तर त्यांचंच काम. एक कट घ्या, मापा, माप येईस्तोवर पुन्हा कट घ्या! जेवणाची शुद्ध राहिली नाही, बोटं बटणांवर आणि नजर तांबड्या आकड्यांवर. स्पीकर चालू, थांब, बंद, थांब. हे भराभर झालं की सूर निघतो. चार सुरांचे आकडे घातले, बटण दाबलं, आणि शीळ निघाली ती पार शीर्षासन करून! वर जायचं तिथं खाली, खाली तिथं वर.

मुलगी पोट धरून हसली. "तुम्हाला वाटलं, मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, हो ना? बाबा, हा लेथ नाही. इथं आकडा म्हणजे किती थांबायचं. जास्त थांबलात की सूर खाली."

काकांनी कपाळावर हात मारला आणि लगेच आकडे फिरवायला घेतले. मुलीनं पेटीशी ताडून चारही सूर चोख लावून दिले. मग किट खिडकीत ठेवून काकांनी बटण दाबलं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "कुणाचा मोबाइल वाजतोय?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माझी शीळ.'

काकूंनी पुन्हा वाजवायला लावली. "छे! ही सुरात आहे. तुमचा शेवटचा सूर कायम घसरायचा."

"आई, पण बरोबर सूर हाच आहे."

"असेल. ह्यांचा नव्हता."

काकांना हे आयुष्यात ठाऊक नव्हतं. स्वतःची शीळ घराच्या आतून कोण ऐकतं? त्यांनी शेवटचा आकडा वाढवला.

"अजून खाली."

आणखी वाढवला.

"अहो, इतकं नाही! दम लागल्यासारखा हवा."

काकांनी आकडा जरासा उतरवला आणि बटण दाबलं.

काकू खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या, डोळे पुसले. मग म्हणाल्या, "त्या मेल्या यंत्राला आता हात लावू नका. वाजू दे."